पाळावी की पाळलीच पाहिजे

ब्रुसेल्स, ९ जानेवारी

प्रिय ओतिलिया आत्या,

सुखरूप पोहोचले. तू भाजून बांधून दिलेली अक्रोडाची पोतित्सा विमानतळावरच्या तपासणीवाल्याने उघडून हुंगली आणि परत देताना असा काही चेहरा केला, की मलाच एक तुकडा द्यावासा वाटला. उरलेली ऑफिसात नेली. आमचा साहेब गिस्लेन म्हणाला, "अक्रोड मोजून घातलेत का गं तुझ्या आत्याने?" आणि मग अर्धी त्यानेच संपवली.

हे पत्र हाताने लिहितेय, ते केवळ तुला आवडतं म्हणून नाही. इथे मेलवर काही लिहायची मला आता भीती वाटते.

माझं काम मी तुला नाताळात सांगितलं, पण तेव्हा तुझं निम्मं लक्ष बदक करपेल इकडे होतं. म्हणून पुन्हा. नवा कायदा म्हणतो, माणसाने ब्राउझरला एकदाच सांगून ठेवावं, "माझा माग काढू नका." ती त्याची खूण. तो जिथे जाईल तिथे ती त्याच्यासोबत जाईल, म्हणजे प्रत्येक साइटने पुन्हा विचारायला नको. पण साइटने त्या खुणेचं करायचं काय, हे कायदा सांगत नाही. ते मानक समिती ठरवते. आणि समितीत कोण? जाहिरात कंपन्यांची माणसं, माहिती विकणाऱ्यांची माणसं आणि त्या दोघांना सल्ले देणाऱ्यांची माणसं. लोकांच्या बाजूने मी एकटी, 'उघडी खिडकी' या आमच्या इवल्याशा संस्थेची.

सगळं भांडण एका क्रियापदावर आहे. आम्ही म्हणतो, खूण 'पाळलीच पाहिजे'. ते म्हणतात, खूण 'पाळावी'. मानकात पहिल्याचा अर्थ हुकूम, दुसऱ्याचा अर्थ जमलं तर बघा.

काल बैठक होती. जाहिरातवाल्यांच्या महासंघाचा फोल्कमार श्टीग्लिट्स माझ्या आधी उठला. हा मला प्रत्येक बैठकीत आपणहून कॉफी आणून देतो, साखर किती तेही त्याला पाठ. म्हणाला, "आता कुणीतरी उठून म्हणेल, दारावर 'फेरीवाल्यांना मनाई' अशी पाटी लावली, तरी प्रत्येक फेरीवाला बेल वाजवून विचारतो, पाटी खरी आहे ना? पण मंडळी, वेबसाइट म्हणजे फेरीवाला नव्हे. तिथे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं." सगळे हसले.

आत्या, ते पाटीचं उदाहरण माझं होतं. माझी पाळी आली की मी तेच देणार होते. ते मी कुठेही लिहिलेलं नाही. इथे फक्त गिस्लेनला बोलून दाखवलं होतं.

तुझी,
तिंकारा


प्तुई, २१ जानेवारी

तिंके,

अक्रोड मोजूनच घातले होते, सांग तुझ्या साहेबाला. पुढच्या वेळी त्याच्या तुकड्यात एकही घालत नाही.

इथे द्रावा नदीवर धुकं आहे, गुडघे कुरकुरताहेत, बाकी ठीक. आमच्या निवृत्तांच्या संगणक क्लबाचं मात्र नशीब उघडलंय. वाचनालयातल्या त्या गारठलेल्या खोलीत आम्ही दात वाजवत बसायचो, तर 'चांदीचा पूल' नावाच्या एका संस्थेने आम्हाला नवे संगणक दिले आणि वर हीटरही. त्यांची मुलगी पोलोना ल्युब्लियानाहून येते. गोड आहे, ऐकून घेते, आमच्या आजारपणाचंसुद्धा. तिने विचारलं, इंटरनेटवर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा? सगळे एका सुरात ओरडलो, "त्या चौकटींचा!" पान उघडलं की चौकट, हो म्हणा, नाही म्हणा, आमच्या शेकडो भागीदारांची नावं वाचा. आमच्यातल्या स्लाव्कोला बसचं वेळापत्रक बघायचं होतं, चौकट मिटेपर्यंत बस गेली. पोलोना म्हणाली, तुमचं हे म्हणणं आम्ही ब्रुसेल्सला पोहोचवतो. आणि मला त्यांनी मानद उपाध्यक्षा केलंय! फोटोसुद्धा काढला. निळा स्कार्फ घातला होता.

तुझ्या गोष्टी मी क्लबात सांगत असते. आपली एक मुलगी एवढ्या मोठ्या लोकांशी भांडते याचं सगळ्यांना कौतुक. पोलोना तर खुर्ची पुढे ओढून ऐकते.

त्या गिस्लेनवर डोळा ठेव. फुकटचं खाताना जो खोड काढतो, त्याचं काही खरं नसतं.

आत्या


ब्रुसेल्स, ११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उपाध्यक्षाबाईंचं अभिनंदन. निळा स्कार्फ म्हणजे तू गंभीर आहेस.

मी गिस्लेनसाठी सापळा लावला. त्याला मुद्दाम खोटं सांगितलं, की पुढच्या बैठकीत मी मुलांच्या खेळांच्या साइटचा मुद्दा काढणार. खरा मुद्दा वेगळाच होता. खूण फक्त साइटला नव्हे, तिच्या भागीदारांनाही लागू व्हावी, नाहीतर दुकानदार बघणार नाही आणि त्याचा मेहुणा खिडकीतून बघत राहील. हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. तुला रविवारी फोनवर सांगितलं तेवढंच.

बैठकीत मुलांच्या खेळांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण भागीदारांचा मुद्दा मी मांडायच्या आत फोल्कमारने त्यावर छापील टिपण वाटलं. छापील, आत्या! म्हणजे गिस्लेनने सापळा ओळखला आणि माझ्या कागदांतून खरं ते शोधून काढलं. मला वाटलं होतं त्याहून तो हुशार आहे. परवा मी दाराआड असताना तो फोनवर म्हणत होता, "तिला अजून काही माहीत नाही." मला बघितल्यावर विषय बदलून हवामानावर आला.

त्याच्या मागावर ऑफिसचे कागद तपासताना एक गोष्ट कळली आहे. पण ती पत्रात नको.

टेबलाच्या खणाला आता कुलूप लावते. जेवायलाही एकटी जाते.

तिंकारा


प्तुई, १९ फेब्रुवारी

तिंके,

गावात कुरेंटची सोंगं आलीत, अंगावर मेंढीची कातडी, कमरेला घंटा, कान किटले. थंडी पळाली असं म्हणायचं, गुडघ्यांना पटत नाही.

आमची पुस्तिका छापून आली, पहिल्या पानावर मी! पोलोना स्वतः घेऊन आली. तुझी विचारपूस केली. तुझं ते दुकानदाराच्या मेहुण्याचं मी तिला मागच्या खेपेला सांगितलं होतं, ते आठवून पुन्हा हसली. म्हणाली, "तुमची भाची फार छान बोलते, मार्चमध्ये काय मांडणार आहे?" मी म्हटलं, ते तिलाच विचार बाई.

एकटी जेवू नकोस. अन्न अंगी लागत नाही.

आत्या


ब्रुसेल्स, ४ मार्च

आत्या,

तुझं पत्र खिशात घेऊन बैठकीला गेले होते. वेळ झाला नव्हता म्हणून बाहेरच्या बाकावर उघडलं. मेहुण्याच्या ओळीपाशी आले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग आत गेले. समितीत एक नवा सभासद आला होता, 'चांदीचा पूल', युरोपभरच्या ज्येष्ठांतर्फे. भिंतीवर पडदा लावला होता आणि पडद्यावर तू होतीस. निळा स्कार्फ, हसरा चेहरा. खाली लिहिलं होतं, "आम्हाला कटकट नको. खूण पाळावी, सक्ती नको." तुझ्या नावाने. फोल्कमार माझ्याकडे वळून म्हणाला, "आडनाव एकच दिसतंय. नात्यातल्या का?" कॉफी माझ्यापुढे ठेवली आणि उत्तराची वाटही बघितली नाही. त्याला ठाऊक होतं.

'चांदीचा पूल' कोण चालवतं हे शोधायला मला एक दुपार पुरली. पैसा सगळा फोल्कमारच्या महासंघाचा.

गिस्लेनवर मी दोन महिने पाळत ठेवली. आणि नाताळात सांगितलेल्या पाटीपासून माझी प्रत्येक गोष्ट तू त्या मुलीच्या ओंजळीत ओतत होतीस. एका हीटरसाठी. बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?

तिंकारा


प्तुई, १५ मार्च

तिंकारा,

माझ्या भावाला मध्ये आणू नकोस. त्याला काय वाटलं असतं ते तुझ्याआधी मला कळतं.

मी बोलले, हे खरं. भाचीचं कौतुक करत होते. तू कधी म्हणाली होतीस का, की हे कुणाला सांगू नकोस? तुझ्या मनात शंका होती तर ती साऱ्या जगावर होती, फक्त मला तू वगळलंस. कारण मी काय, म्हातारी, बदक भाजणारी. माझ्याकडून काही कुठे जाऊ शकतं, एवढी किंमतसुद्धा तू मला दिली नाहीस.

आणि एक सांग. तुम्ही लोकांच्या बाजूने भांडता, तर इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकजण तरी आमच्या खोलीत येऊन बसला का? पोलोना बसली. लबाडीने बसली असेल, पण बसली. 'सक्ती नको' हे मी कधीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, चौकटी नकोत. ते कुणी कसं फिरवलं ते मी बघते. चौकात चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलंय मी. कंपन्यांचे गोडबोले मला नवीन नाहीत. दुकानात ते आले की मी त्यांना काउंटरच्या बाहेरच उभं करत असे. या वेळी मुलगी आली, गुडघ्यांची चौकशी केली आणि मी खुर्ची दिली. त्याचा राग मला माझा येतो. तुझ्याकडून ऐकायची गरज नाही.

पोलोनाला मी तोंडावर विचारलं. ती लाजली नाही. म्हणाली, "आम्हाला कुणीतरी पैसे देतं हे खरंय, बाई. पण तुमच्या भाचीच्या संस्थेला कोण देतं ते विचारलंत का तिला?"

म्हणून विचारते. कोण देतं? तू फेब्रुवारीत लिहिलं होतंस, पत्रात नको म्हणून. तेच का ते?

ओतिलिया


ब्रुसेल्स, २ एप्रिल

आत्या,

हो, तेच.

निम्म्याहून जास्त पैसा एका ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडून येतो, मधल्या एका न्यासामार्फत. खूण सक्तीची झाली की ती ब्राउझरमध्येच बसणार; मग कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, याच्या किल्ल्या त्या कंपनीच्या हातात. गिस्लेन फोनवर "तिला माहीत नाही" म्हणत होता ते याबद्दल. मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मागणी बरोबर आहे ना? मग पैसा कुठून येतो याने काय फरक पडतो?" आणि मागणी खरंच बरोबर आहे.

कळल्यावर मी गप्प बसले. देशांचं मतदान होईपर्यंत, असं स्वतःला सांगितलं. हे उघडपणे फुटलं तर आमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही. कृपा करून हे तुझ्यापाशीच ठेव. या वेळी मी स्पष्ट सांगतेय.

बाबांचं लिहायला नको होतं.

तिंकारा


प्तुई, २९ एप्रिल

तिंकारा,

हे पत्र तुला आवडणार नाही, तेव्हा बसून वाच.

समितीच्या मसुद्यावर आपल्या देशाने मत काय द्यायचं, ते ठरवणारी बैठक काल ल्युब्लियानात होती. पुस्तिकेत तारीख होती, पण मला बोलावणं नव्हतं. स्लाव्कोला घेऊन सकाळच्या गाडीने गेले. पोलोना दारात भेटली. म्हणाली, "अहो बाई, कशाला दगदग केलीत? आम्ही आहोत ना."

मी म्हटलं, "उपाध्यक्षा आहे ना मी? मग उपाध्यक्षेला खुर्ची द्या."

तिने वाचून दाखवलं: स्लोव्हेनियातल्या ज्येष्ठांची विनंती, खूण पाळावी, सक्ती नको. अध्यक्ष म्हणून एक उंच, कंटाळलेले इंजिनियर होते. मी हात वर केला. "साहेब, ही विनंती कुणाची?"

ते म्हणाले, "तुमचीच. खाली तुमचं नाव आहे."

"मी चौकटी बंद करा म्हटलं होतं. त्या कशाने बंद होतात? पाळावी म्हटल्याने, की पाळलीच पाहिजे म्हटल्याने?"

त्यांनी पोलोनाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "बंद व्हायच्या तर दुसऱ्यानेच होतील."

स्लाव्को मागून म्हणाला, "मग पहिलं हवंय कुणाला?" त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्याने बोलतो. खोलीभर ऐकू गेलं. मी सांगितलं, आमच्या क्लबाचं नाव काढा, माझा फोटो काढा, आणि 'चांदीचा पूल'मागे जाहिरातवाल्यांचा पैसा आहे तेही लिहून घ्या.

पोलोनाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मग बाईंनी दुसरी बाजूही सांगावी. यांची भाची ज्या संस्थेत आहे, तिला कोण पोसतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिंके, तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हणू शकले असते, मला काय माहीत. पण दुसऱ्याचा पैसा उघडा पाडायला उभी राहिलेली मी, आपल्या माणसांच्या पैशावर पांघरूण कसं घालू? मी म्हटलं, "तिनेच मला सांगितलंय. ब्राउझरवाल्या कंपनीचा पैसा आहे. तोही लिहून घ्या."

लिहून घेतलं. नंतर मत झालं. आपला देश 'पाळलीच पाहिजे'च्या बाजूने आहे.

तू स्पष्ट सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. पहिल्या वेळी नकळत केलं होतं, या वेळी समजून.

आत्या


ब्रुसेल्स, २० मे

आत्या,

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही. चार वेळा बसले आणि चारही वेळा नुसतीच शिव्यांची माळ झाली, म्हणून फाडलं.

ल्युब्लियानाची टिपणं दोनच दिवसांत इथे सगळ्यांच्या हातात होती. गिस्लेनने मला बोलावलं, दार लावलं आणि खुर्चीसुद्धा दिली नाही. मी आधीचंही सगळं सांगून टाकलं. "पाटीची गोष्ट तुझ्या आत्याकडून गेली, मेहुण्याची तिच्याकडूनच, पैशाचीही तिच्याकडूनच. आणि तू कुलपं लावलीस माझ्या नावाने." नोकरी गेली. त्याच दिवशी टेबल रिकामं केलं. मी त्याला चोर समजत होते, तो निघाला नुसता लपवणारा. मीही तेच केलं होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

मतदान झालं. 'पाळावी' पडली. थोडक्यात पडली, आपलं मत आणि आपलं बघून फिरलेले आणखी दोन देश, एवढाच फरक. पण 'पाळलीच पाहिजे' मंजूर झालं असं समजू नकोस. मसुदा पुन्हा समितीकडे आलाय. शरद ऋतूत पहिल्यापासून सुरुवात. फोल्कमार मला ट्रामच्या थांब्यावर भेटला. म्हणाला, "वाईट वाटलं तुमचं. आमच्याकडे एक जागा आहे, लोकांची बाजू समजणारं कुणीतरी हवंय." आणि हसला. तो थट्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि मी किती वेळ विचार करत उभी होते, ते तुला सांगणार नाही.

आता समितीत लोकांच्या बाजूने कुणीच नाही. 'उघडी खिडकी'ने ती खुर्ची सोडली.

मी अजून रागावलेली आहे. पण तू तिथे गप्प बसली असतीस तर पोलोनाने ते मतदानाच्या दिवशी इथे फोडलं असतं, हेही मला कळतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन फिरतेय.

तिंकारा


प्तुई, ३ जून

तिंके,

'चांदीचा पूल'वाले संगणक आणि हीटर दोन्ही घेऊन गेले. हीटरची काळजी हिवाळ्यात करू. वाचनालयाने जुने दोन दिलेत, ते सुरू व्हायला इतका वेळ घेतात की तेवढ्यात आमच्या गप्पा उरकतात.

आता कामाचं. त्या कंटाळलेल्या इंजिनियरसाहेबांना मी फोन केला. म्हटलं, ज्येष्ठांच्या नावाची खुर्ची होती, तिचं काय झालं? ते म्हणाले, देशाच्या समितीवर तुमचा क्लब स्वतःचा माणूस सुचवू शकतो आणि तो माणूस ब्रुसेल्सलाही बसू शकतो. त्यांचा आवाज या वेळी कमी कंटाळलेला वाटला.

परवा क्लबात तुझं नाव मांडलं. प्रवासखर्च देशाच्या समितीचा, पगार कुणाचाच नाही. पोटासाठी तू काय करशील ते तुझं तू बघायचं. प्रत्येक बैठकीनंतर इथे खोलीत येऊन आम्हाला सांगायचं, काय झालं, कोण काय म्हणालं, कुणी कॉफी पाजली. स्लाव्को पुढच्या खुर्चीत बसणार, तेव्हा मोठ्याने बोलायचं. आणि ट्रामच्या थांब्यावर किती वेळ उभी होतीस, ते पहिल्याच दिवशी सांगायचं. माझ्यापासून लपवलंस तरी यांच्यापासून लपवता येणार नाही.

मतदान चिठ्ठ्यांनी घेतलं, हात वर करून नाही, म्हणजे कुणाला माझी भीड पडायला नको. तू निवडून आलीस. चार मतं विरोधात पडली. त्यातल्या तिघांची मला खात्री नाही, पण त्या ट्रामच्या थांब्यापायी एक माझं होतं.

शनिवारी ये. बदक भाजते.

आत्या